बोरगट्टीची मुक्कामी गाडी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

मालुबाई आजही तासभर उशिरा आली. चप्पल चिखलाने भरलेली. भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, "आक्का, आमच्या रचनीचं कालेज बंद."

मला वाटलं संप असेल. संप नाही — बस बंद. बोरगट्टीची मुक्कामी गाडी. संध्याकाळी बेळगावहून सुटायची, रात्रभर गावातच उभी राहायची आणि उजाडता उजाडता पोरांना, दूधवाल्यांना, मालुबाईला घेऊन परत यायची. मालुबाई माझ्याकडे काम करायला लागली तेव्हापासून मी तिला याच गाडीने येताना बघते आहे. आठवडा झाला, गाडी येतच नाही. का, ते कुणाला माहीत नाही. विचारलंही नाही कुणी.

सकाळी माणसं फाट्यापर्यंत चालत येतात, तिथून चंदगडहून येणारी गाडी धरतात. दिवसाउजेडी ते निभतं. पण रचना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रॅक्टिकल संपवून फाट्यावर उतरेपर्यंत अंधार. पुढे गावापर्यंत दोन्हीकडे ऊस. बाप भावकू, मालुबाईचा मुलगा, उद्यमबागेत फौंड्रीत, दुपारपाळीला. आणायला जाणार कोण? त्याने सांगून टाकलं म्हणे — "गाडी आली तर कालेज. न्हाय तर घरात बस."

हजेरी कमी पडली तर सप्टेंबरच्या परीक्षेला बसू देत नाहीत. पोर रडत नाही, मालुबाई म्हणाली. नुसती पुस्तकं लावती आणि काढती.

५ ऑगस्ट, मंगळवार

स्वरालीला सांगितलं. माझ्या भावाची, शरदची मुलगी, पुण्यात असते. ऐकता ऐकताच तिचा आवाज चढला. "आत्या, हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे! राखीला निपाणीला येतेच आहे, रविवारी तुझ्याकडे येते. आपण व्हिडिओ करू."

मी म्हटलं, कर. मला दुसरं काही सुचलंही नव्हतं.

१० ऑगस्ट, रविवार

स्वराली सकाळीच निपाणीहून आली. शरदने तंबाखूच्या गोदामातला जुना फोटो पाठवला आहे — आबा, मी आणि तो. मी कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्ये, मोजे गुडघ्यापर्यंत. सुट्टीला निपाणीला गेले की सगळी मुलं माझ्या बुटांना हात लावून बघायची. फोटो बराच वेळ बघत बसले.

मग फाट्यावर गेलो. रचना दोन वेण्या घालून, डोक्याला चप्प तेल लावून उभी. स्वराली म्हणाली, एक वेणी सोड ना, नॅचरल वाटेल. रचना म्हणाली, "कालेजला अशीच जाते, ताई." विषय संपला.

मग पहिल्याच दमात बोलली. "मी रचना. मला केमिस्ट्री आवडते. आमची गाडी बंद झाली आहे. कुणाला कारण माहीत असेल तर सांगा." एवढंच. स्वराली म्हणाली, थोडं डोळ्यांत पाणी वगैरे? रचना तिच्याकडे बघतच राहिली.

मालुबाई बांधावर बसून सगळं बघत होती. म्हणाली, "आमच्या वक्ताला फोटू काढाय जत्रंत जावं लागायचं. आता जत्राच फोनात घुसलीया."

१२ ऑगस्ट, मंगळवार

व्हिडिओला स्वरालीच्या मैत्रिणींचे बदाम. बाकी शुकशुकाट.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पळाला! स्वरालीने वरची ओळ बदलली. आधी लिहिलं होतं, 'रचनाला तिची बस हवी आहे.' आता लिहिलंय, 'सीमाभागातल्या मराठी गावाची बस कुणी बंद केली?' खाली ढोल-ताशे. रचनाचं शेवटचं वाक्य, कारण माहीत असेल तर सांगा, तेवढं कापलंय.

मी विचारलं, हे कशाला कापलं? "आत्या, प्रश्न विचारला की लोक पुढे सरकतात. राग आला की थांबतात."

मुलगी हुशार आहे. वाद घालावासा वाटला नाही. आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता, दुधाला उकळी येताना बघावं तसा बघत बसले. खोटं कशाला — बरं वाटलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

समोरच्या सोसायटीत झेंडावंदन. बुंदीचं पाकीट हातात घेऊन घरी आले आणि सिस्टर आग्नेस आठवल्या. कॅम्पातल्या शाळेच्या त्या लांब व्हरांड्यात एक तक्ता असायचा. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यासाठी डब्यात जी जास्त भर घालील तिच्या नावापुढे सोनेरी चांदणी. मी आबांच्या मागे लागून लागून चांदण्या मिळवल्या. माझी ओळ सगळ्यांत लांब. तो दवाखाना कुठे होता, ते मला आजही माहीत नाही. जावंसं वाटलं नव्हतं, कुणी नेलंही नव्हतं. चांदणीच्या पाठीमागच्या डिंकाची चव मात्र जिभेवर आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

शरदने मला रचनाचा व्हिडिओ पाठवला! वर लिहिलंय, 'जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. बघा आपल्या भागात काय चाललंय.' फोन करून म्हटलं, अरे, तो व्हिडिओ तुझ्या मुलीने केलाय, माझ्या मालुबाईच्या नातीचा आहे. "हो का? मला सोलापूरच्या ग्रुपवरून आला." मग म्हणाला, "ते जाऊ दे. तू पुढे पाठवलास ना?"

खालचं वाचत बसले. नागपूर, ठाणे, दुबई. 'ताई, संपूर्ण महाराष्ट्र तुझ्या पाठीशी.' एकाने मुंबईच्या मंत्र्यांना जोडलंय — बस इकडची, डेपो इकडचा! कुणीतरी कानडीत काहीतरी तिखट लिहिलंय, त्याच्याखाली मराठीत त्याहून तिखट. मग आई-बहिणी. रचना, केमिस्ट्री, ऊस — यांचं नाव पुढे कुठेच नाही.

मालुबाईला वाचून दाखवलं. फक्त चांगलं चांगलं. ती म्हणाली, "एवढी मानसं पाठीशी हायत तर यकाला सांगा की, फाट्यावर यिऊन पोरीला घराकडं सोड म्हनावं."

१८ ऑगस्ट, सोमवार

डेपोत गेले. एवढ्या सगळ्यांत तिथे अजून कुणीच गेलेलं नव्हतं, हे काल रात्री झोपताना ध्यानात आलं.

अर्ज इंग्रजीत लिहून नेला होता. समास सोडून, कोपऱ्यात तारीख, सिस्टरांनी घोटून घेतलेलं वळण. टेबलापलीकडे नागेंद्र म्हणून वाहतूक बघणारा मनुष्य. चाळिशीचा, कपाळाला विभूती. अर्ज हातात धरून बघत राहिला. "काय अक्षर हो बाई! छापल्यागत." मग परत दिला. "पण कन्नडात द्या. फायल कन्नडातच फिरतीया."

मी विचारलं, बस बंद का केली?

तो म्हणाला, "बंद कुठं केली? थांबवली. ड्रायव्हर-कंडक्टर झोपणार कुठं?"

मला कळेना. मग त्याने सांगितलं. मुक्कामी गाडीची दोन माणसं गावात रात्र काढतात. बोरगट्टीत ती देवळाच्या ओवरीत झोपायची. जुलैत गावाने देऊळ नवं बांधायला म्हणून पाडलं. ओवरीही गेली. पावसात चार रात्री ती दोघं सीटवर आखडून झोपली, सकाळी अंग धरलेलं, गाडी हाकायची तशीच. मग त्यांनी डेपोत सांगितलं — छप्पर द्या, नाहीतर दुसऱ्याला पाठवा. दुसराही तयार होईना.

"गावाला कळवलं नाही?"

"कंडक्टर बोलला हुता की पंचांस्नी. पंच म्हटले, देवाचं आधी होऊ दे."

मी हसले. नागेंद्रही हसला. म्हणाला, "एक खोली, संडास. गावानं लिहून द्यावं. मी सोडतो गाडी. गुपचूप होऊन जाईल."

१९ ऑगस्ट, मंगळवार

मालुबाईला सांगितलं. लाटणं हातात तसंच. "आगं बया! त्यांची ओवरी!" कितीतरी वेळ तेवढंच. त्या दोघांना रात्रीची आमटी-भाकरी आळीपाळीने गावातूनच जायची. मालुबाईच्या घराचीही पाळी असायची. देऊळ पाडताना सगळ्यांनी हात लावला. देवाला तात्पुरतं पत्र्याखाली बसवलं, घंटा कुणाच्या घरी, समया कुणाच्या घरी. ही दोन माणसं कुणाच्याच ध्यानात आली नाहीत!

"आमची पडवी हाय की," ती म्हणाली. "संडास बी हाय, दाराला कडी बी हाय."

भावकू तयार होईल?

"त्यो काय म्हंतोय! पडवी माज्या नवऱ्यानं बांधलीया."

२१ ऑगस्ट, गुरुवार

रचना आली होती. कानडी अर्ज तिनेच लिहिला, माझ्या जेवणाच्या टेबलावर. मी मधे मधे करत होते. माझं कानडी बाजारापुरतं. वेलांटी कुठे, जोडाक्षर कुठे — तिने दोनदा माझा हात हळूच बाजूला केला. 'तेवढं मी करते, आजी.'

खाली गावातल्या बऱ्याच जणांच्या सह्या. पंचांचीही. भावकूची पण — वाकडी, दाबून केलेली.

तशाच डेपोत गेलो. नागेंद्रने वाचला, मान डोलावली. "सोमवारी बघा."

येताना खडेबाजारात तिला कुंदा घेऊन दिला. खाल्ला नाही, घरी नेला.

२५ ऑगस्ट, सोमवार

नाही.

नागेंद्रने मला बसायलाही सांगितलं नाही, कोपऱ्यात नेलं. व्हिडिओ वर पोचलाय. एकाचे आता दहा व्हिडिओ झालेत. एकात रचनाच्या तोंडाभोवती तांबडा गोल. एकात कुणीतरी इकडचा गरजतोय की आमच्या बसमध्ये बसून आमच्यावरच आरोप. वरून विचारणा झाली — हे बोरगट्टी प्रकरण काय आहे?

"बाई, कसलं प्रकरण? पडवीचा विषय! पण आता गाडी सोडली तर हे म्हणणार घाबरले, न्हाय सोडली तर ते म्हणणार अन्याय. साहेब म्हणतात, थंड होऊ दे सगळं. फायल ठेवून दिलीया."

किती दिवस?

त्याने हात वर केले. "ते तुमच्या फोनाला विचारा."

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मालुबाई सुट्टीवर. मोदक फुटले, तसेच खाल्ले.

व्हिडिओ एवढा पळाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाढणारा तो आकडा मी किती कौतुकाने पाहिला. असो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

स्वरालीला सगळं सांगितलं — ओवरी, पडवी, फाईल. म्हणाली, "पण आत्या, आत्ताच तर रीच आलाय. आत्ता काढला तर इतक्या लोकांनी जे केलं ते वाया."

मी विचारलं, काय केलं?

"अवेअरनेस!"

रचना शेजारीच होती. फोन मागून घेतला. मी तिचंच बोलणं लिहून ठेवते, कारण मला असं बोलता आलं नसतं. "ताई, तुम्ही माझ्यासाठीच केलं. मला म्हाईत आहे. पण माझी हजेरी चाललीय. तुमचे लोक आणिक एक महिना थांबतील. मी न्हाय थांबू शकत."

पलीकडे स्वराली रडत असावी. संध्याकाळी तिने तिचा व्हिडिओ काढून टाकला. मला लिहिलं, 'काढला. बाकीच्यांनी उचललेले माझ्या हातात नाहीत.'

पोरीचं वाईट वाटलं. तिला खरंच मदत करायची होती. अगदी मनापासून.

१ सप्टेंबर, सोमवार

शरदने आज बिबट्याचा व्हिडिओ पाठवला. बसचा नाही. थंड होतंय.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. मिरवणूक रात्रभर चालेल. कानात कापूस घातला. कॉलेजचं पत्र आलंय म्हणे बोरगट्टीला — पंधरापासून हजर नसाल तर परीक्षा नाही. भावकूने वाचून कोनाड्यात ठेवलं.

८ सप्टेंबर, सोमवार

सुटली!!

नागेंद्रचा फोन, दुपारी. "बाई, आज संध्याकाळपासनं. सणाच्या गर्दीत सही घेतली. एकच सांगणं — गाजावाजा नको. हार नको, नारळ नको, फोटो तर अजिबात नको. कुणाला कळायच्या आत दोन-तीन महिने गाडी चालू राहिली की मग ती चालूच राहती."

९ सप्टेंबर, मंगळवार

मालुबाई वेळेवर. चप्पल कोरडी.

"काय सांगू आक्का! डायवर असा घोरतोय, म्हशीनं पान्हा चोरला!" कंडक्टर मात्र गरीब आहे म्हणे, परशराम नाव, अंथरूण नीट घडी करून ठेवतो. भावकू रात्री पाळीवरून आला तो पडवीत परक्या माणसाच्या पायाला अडखळला. दोघांनी एकमेकांना चोर समजून आरडाओरडा केला. सगळी आळी जागी!

सांगता सांगता तिला हसू आवरेना. मलाही.

रचना कॉलेजला गेली. दुपारी प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटातच मला तोंड दाखवून गेली. बाहीला जांभळा डाग.

११ सप्टेंबर, गुरुवार

स्वराली विचारते, गाडी सुरू झाल्याचं टाकू का? 'लोकांना बरं वाटेल.' मी नागेंद्रचं सांगितलं. तिने तेही ऐकलं. अगदी मुकाट्याने. मला तिचा अभिमान वाटला, तसं कळवलं. शरदलाही बोलले नाही. त्याला सांगणं म्हणजे चव्हाट्यावर सांगणं.

१५ सप्टेंबर, सोमवार

रचनाची हजेरी भरेल, असं सरांनी सांगितलं. शुक्रवारी परीक्षेचं पहिलं प्रॅक्टिकल. ती मला समीकरणं समजावून सांगत होती आणि मी मान डोलावत होते. काही कळलं नाही. ऐकत राहावंसं वाटलं.

संध्याकाळी सहज बसस्टँडवर गेले. काही काम नव्हतं. बोरगट्टीची गाडी उभी होती, पुढची काच धुतलेली. परशराम ओळख नसताना मला म्हणाला, "मावशी, यायचंय काय?" म्हटलं, नाही बाबा. नुसती बघायला आले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी फाट्यावर रस्ता रोको. पलीकडून, महाराष्ट्रातून, तीन मोटारी भरून मुलं आली होती. झेंडे, काळा रंग, चित्रीकरणाला एक माणूस वेगळा. बोरगट्टीची बस सुरू झालीच पाहिजे. समोरून आली ती पहिली बस त्यांनी अडवली.

ती बोरगट्टीचीच.

पाटी कानडी, त्यांना वाचता आली नाही. त्याच पाटीवर रंग ओतला. परशराम मराठीत ओरडून सांगत होता, कुणी ऐकेना. शेवटी रचना खाली उतरली. तिला बघून सगळे टाळ्या वाजवायला लागले. "ताई, तुमच्यासाठीच आलोय!" प्रत्येकाला तिच्याबरोबर फोटो हवा होता.

प्रॅक्टिकल चुकलं.

नागेंद्रचा फोन आत्ता आला. पुढचा आदेश येईपर्यंत गाडी बंद.

मालुबाईला मीच सांगायचं आहे.